चाळीसची वेस

नांगरफाळ:
अपघातानंतर भावाच्या पायाची दोन ऑपरेशनं झाली. मेडिकल बोर्डाने दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलं: 36 टक्के, कायमस्वरूपी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरीतलं आरक्षण 40 टक्के आणि त्यापुढच्यांनाच. म्हणजे चार टक्क्यांनी तो धडधाकट! सांधा किती वाकतो ते मोजलं. तासभर उभं राहवतं का, हे कुणी विचारलंच नाही. ही कसली तपासणी?

हिशेबनीस:
वाईट वाटलं, पण आकडा हवाच. नाहीतर ज्याचा वशिला तो दिव्यांग. बोगस प्रमाणपत्रवाल्यांनी आधीच खऱ्यांच्या जागा खाल्ल्यात. आणि रेष 36 वर आणली तर उद्या 35 वाला धागा काढेल.

सांजवात:
मानसिक आजाराला कुठे यंत्र लावतात? तिथे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद, काम, शिवाय आजाराची वर्षं, यांवर गुण देतात. म्हणजे रोजचं जगणं मोजता येतं, सरकारला ते चालतंही. मग पायवाल्याला हेच का विचारू नये? (माझी बहीण नेमकी तपासणीच्या दिवशी छान बोलली, ते सोडा.)

हिशेबनीस:
सोडा कशाला? माझा मुद्दाच तो आहे. गुडघा निदान रोज तेवढाच वाकतो.

सांजवात:
वाकतो तेवढाच, दुखतो तेवढाच नाही.

काठावरचा:
40 ही वेस सगळीकडे नाही, हेही लक्षात घ्या. 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परीक्षेला लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट घालता येत नाही. उलट केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला 80 टक्के लागतात, तेही दारिद्र्यरेषेखालच्यांना.
नांगरफाळ, कान-डोळे तपासलेत का? दोन दोष असले तर एकत्रित टक्केवारी काढतात. सरळ बेरीज नसते: 90 मधून मोठा आकडा वजा, गुणिले लहान, भागिले 90, आणि ते मोठ्यात मिळवायचं. 36 ला 10 ची जोड मिळाली तरी 42 होतात.

नांगरफाळ:
कान-डोळे ठणठणीत आहेत हो. आता त्याचंही वाईट वाटून घ्यायचं का?

काठावरचा:
तसं नव्हतं म्हणायचं. मग त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील करा, आणि ऑपरेशनचे सगळे कागद सोबत न्या.