‘रोज एकच मॅच’ हे थोतांड आहे, गेम सोडायचा तर समूळ

तीनहातनाका | मंगळवार, रात्री ९.२०

वय ३४. राहायला वर्तकनगर, नोकरी ऐरोलीला. ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल किंवा वाशी गाडी धरली की चहा निवायच्या आत ऐरोली. एवढी सोय असून गेल्या वर्षी महिन्याला सात-आठ लेटमार्क पडत होते, कारण रात्री अडीच-तीनपर्यंत खेळत बसायचो.

सुरुवात लॉकडाऊनमधली. कॉलेजच्या चौघांचा स्क्वॉड जमला. शंभर जण बेटावर उतरतात आणि शेवटी एकच टोळी उरते, त्यातला गेम. खरं तर गप्पांसाठीच जमायचो. पुढे एकेकाचं लग्न झालं, पोरं झाली, तिघे गळाले. मी मात्र अनोळखी लोकांबरोबर खेळत राहिलो. कुणी हिस्सारचा, कुणी गुवाहाटीचा, नावं कुणाचीच माहीत नाहीत.

कमी करायचे सगळे प्रयोग झाले. फोनमध्ये एका तासाची मर्यादा लावली, तर तिथेच ‘आणखी १५ मिनिटं’ असं बटण असतं. ते मी किती वेळा दाबलं असेल त्याचा हिशेब नको. फक्त शनिवार-रविवार खेळायचं ठरवलं, तर शुक्रवारी रात्रीच शनिवार उजाडायला लागला. गेम डिलीट केला, पण खातं त्यांच्या सर्व्हरवर जसंच्या तसं. परत उतरवून घ्यायला दहा मिनिटं पुरतात.

शेवटी फेब्रुवारीत खातंच कायमचं बंद केलं. चार वर्षांची कमाई, रंगीत बंदुका, कपडे, हुद्दा, सगळं गेलं. पहिले पंधरा दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होतो. नंतर झोप लागायला लागली.

म्हणून माझं म्हणणं असं की पुण्याच्या मुक्तांगणात दारू सोडणाऱ्याला ‘रविवारी एक पेग चालेल’ असं कुणी सांगत नाही. मग गेमवाल्यालाच ‘प्रमाणात खेळ’ हा सल्ला का? ज्याला प्रमाण जमतं त्याला सल्ला लागतच नाही. पटत नसेल तर बोला.

---

कोपरखैरणेची_आई | रात्री ९.५५

अजिबात पटत नाही. तुम्ही ३४ वर्षांचे, एकटे, तुमचा फोन तुमच्या हातात. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या बाबांनी अगदी तुमच्यासारखंच ‘समूळ’ केलं होतं. फोन कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. आठव्या दिवशी कळलं की साहेब क्लास बुडवून मित्राच्या घरी खेळतात. वर खोटं बोलायची सवय लागली ती वेगळीच. गेम परवडला पण खोटं नको, असं मला झालं.

आणि शाळेचा अभ्यास, क्लासच्या नोट्स, सगळं फोनवर येतं. दारूच्या बाटलीतून गणिताचा गृहपाठ येत नाही हो. समूळ करायचं ते कसं?

आम्ही काय केलं ते सांगते. एक, फोनवरचा गेम बंद आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरवर चालू. पाठीमागे आजी भाजी निवडत बसलेली असली की शिव्या आपोआप कमी होतात. दोन, राउटर दहाला बंद, सगळ्यांचा, म्हणजे आमचाही. तिसरं कळायला मला वर्ष लागलं. मी ‘पाच मिनिटांत उठ’ म्हणायचे आणि भांडण व्हायचं. एकदा शेजारी बसून बघितलं तेव्हा समजलं की ती मॅच मध्येच थांबवता येत नाही, पंचवीस-तीस मिनिटं चालते. मधे उठला तर गुण जातात आणि बाकीचे तिघे त्याला शिव्या घालतात. तेव्हापासून मिनिटं मोजणं बंद. दिवसाला दोन मॅच, दुसरी संपली की ऊठ. नऊनंतर नवीन मॅच नाही. भांडणं संपली असं म्हणणार नाही, पण जेवणाचं ताट वेळेवर घेतो.

---

सीवूड्स_लेव्हल२२ | रात्री १०.१०

दादा, मुळात ‘व्यसन’ हा शब्द इतक्या सहज का? माझे काका पाच दिवस कसोटी बघतात, ते रसिक. मी रविवारी चार तास खेळलो तर व्यसनी! २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. तिथे गेलेल्यांना पण मुक्तांगणात पाठवणार का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, २०२२ पासून लागू. पण तिची अट वाचा. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होतो, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण १२ महिने चालतं. घर, अभ्यास, नोकरी यांची वाट लागावी लागते. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ मध्ये हा आजार ‘अजून अभ्यास हवा’ या यादीत ठेवला होता. जास्त वेळ खेळणं म्हणजे आजार नाही.

---

तीनहातनाका | रात्री १०.२२

@सीवूड्स, तू दिलेल्या तिन्ही अटी मला लागू होत्या रे. बाराच काय, चाळीस महिने. धागा माझ्यासारख्यांसाठी आहे, रविवारी चार तास खेळून सोमवारी वेळेवर उठणाऱ्यांसाठी नाही. तू खेळ बिनधास्त.

@कोपरखैरणे, ताई, मुलांचा मुद्दा मान्य. पण ‘दोन मॅच’ ही मर्यादा तुम्ही बाहेर उभ्या आहात म्हणून टिकते. माझ्या दाराबाहेर कोण उभं राहणार?

---

नौपाडा_जुना_वाडा | रात्री १०.४०

मी ७१ वर्षांचा आहे. आमच्या लहानपणी तलावपाळीला चक्कर, सेंट्रल मैदानावर क्रिकेट, उन्हाळ्यात येऊरला करवंदं. वेळच नव्हता व्यसनाला. आता घोडबंदरला चाळीस मजले बांधतात आणि मुलांना पोडियमवर ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी. मग ती फोनमध्ये नाही जाणार तर कुठे? दोष फोनचा नाही, बिल्डरचा आणि आई-बापांचा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात. गाव करू शकतं तर सोसायटी का नाही?

---

सीवूड्स_लेव्हल२२ | रात्री १०.४७

काका, आमच्या सोसायटीत लिफ्टच्या रंगावर तीन बैठका झाल्या. भोंगा म्हणे!

आणि सक्तीचं बोलायचं तर चीनने २०२१ मध्ये १८ खालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री ८ ते ९ एवढंच खेळायला मुभा दिली. कोरियात २०११ च्या कायद्याने १६ खालच्यांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद होते. पोरं मोबाइल गेमवर गेली, कारण तो कायदा मोबाइलला नव्हताच. शेवटी त्यांनी कायदाच गुंडाळला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झालं, २०२१ च्या जुलैत नव्या नावाने परत हजर. मधल्या काळात कुणाचं व्यसन सुटलं?

---

ऐरोली_नाइटशिफ्ट | रात्री ११.०५

मी या धंद्यात सात वर्षं आहे, कंपनीचं नाव विचारू नका. दोन्ही बाजू खेळणाऱ्याच्या मनोनिग्रहावर बोलताय, म्हणून लिहितो.

आमच्याकडे बैठकीत ‘गेम मजेदार आहे का’ हा प्रश्न क्वचित येतो. ‘माणूस उद्या परत येतो का’ हा रोज येतो. रोज आल्याचं बक्षीस असतं. सलग सात दिवस आलात तर मोठं, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सीझन दोन महिन्यांचा, त्यातला पोशाख नंतर मिळणार नाही. पेटी उघडल्यावर काय निघेल हे मुद्दाम अनिश्चित ठेवलेलं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर दाणा थांबताच लवकर कंटाळतं, पण कधी मिळतो कधी नाही असं केलं की चोच मारतच राहतं. रील्सचंही तेच. न संपणारं स्क्रोल २००६ च्या सुमारास आझा रास्किनने बनवलं, आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला.

तीनहातनाका, तुमचं ते ‘आणखी १५ मिनिटं’ बटण म्हणजे दारूच्या दुकानातच ठेवलेला नवसाचा गणपती. मर्यादा कायम तुमच्या हाताबाहेर असावी. पासवर्ड बायकोकडे, भावाकडे. नोटिफिकेशन बंद, स्क्वॉडच्या ग्रुपमधून बाहेर, ऑटोप्ले बंद. हे केलं की निम्मी ओढ जाते. ज्यांची उरते त्यांनी समूळ करावं. सगळ्यांना पहिल्याच दिवशी कुऱ्हाड कशाला?

ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ते बरंच झालं. पण तो पैशापुरता आहे. तुमच्या रात्रीचा कायदा कुणी करणार नाही.

---

कळवा_खाडीपलीकडे | रात्री ११.३०

इतके दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. ठाण्यात वाढलेल्यांना माहीत आहे, कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणतात. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आपल्या गावात, आणि आपल्याला त्याचा उपयोग विनोदापुरताच. त्या विनोदापायी मी दोन वर्षं डॉक्टरकडे गेलो नाही.

शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. वाटलं होतं पहिला प्रश्न ‘किती तास खेळता’ असेल. त्यांनी विचारलं, झोप कशी आहे, भूक कशी आहे, शेवटचं कधी मनापासून हसलात? गेमवर आलो तिसऱ्या भेटीत. मला नैराश्य होतं. वडील गेल्यानंतरचं, अंगात मुरलेलं. गेममध्ये निदान कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

म्हणून दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात. मीही एकदा समूळ केलं होतं. गेम गेला आणि महिन्याभरात त्याच वेळेला रील्स आल्या. खड्डा तसाच, वरची ताडपत्री बदलली. औषधं सुरू झाल्यावर गेम आपोआप मागे पडला. आता खेळतोही कधी कधी भाच्याबरोबर, हरतो, उठतो.

ज्यांना समोर जाऊन बोलायची लाज वाटते त्यांच्यासाठी १४४१६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून याच विषयाचा वेगळा दवाखाना चालतो. म्हणजे हे थेर नाहीत, हे डॉक्टरांनाही कळलंय.

---

सीवूड्स_लेव्हल२२ | रात्री ११.३८

@नौपाडा, काका, राग नका मानू. पण रात्री पावणेअकराला तुम्ही इथे काय करत होतात?

---

नौपाडा_जुना_वाडा | रात्री ११.५२

राग नाही. बरोबर पकडलंस.

ही गेल्याला दोन वर्षं झाली. मुलगा न्यू जर्सीत. साडेनऊला जेवतो, मग फोन. आधी नाट्यगीतं ऐकायला म्हणून यूट्यूब लावायचो. आता कुणी तरी गरम तव्यावर चमचा घासतोय, कुत्रा पोहतोय, असलं काहीही बघतो. एक-दीड वाजतो. सकाळी डोळे चुरचुरतात आणि आठवत काही नाही. वर बिल्डरला शिव्या दिल्या त्या मागे घेत नाही, मैदानं खरंच खाल्लीत. पण माझ्या घरासमोर तलावपाळी आहे. पाच मिनिटांवर. मी तरी कुठे जातो?

---

कळवा_खाडीपलीकडे | रात्री ११.५८

काका, हे लिहायला माझ्यापेक्षा जास्त धीर लागला असेल. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवून बघा. पलंगाशी नको. गजराला साधं घड्याळ आणा, स्टेशनबाहेर मिळतं.

---

तीनहातनाका | रात्री १२.०५

कळवाकरांचं वाचून गप्प बसलो होतो. पण माझं मत तेच. तुमच्या बाबतीत मूळ वेगळं होतं, डॉक्टरने मूळ काढलं, ठीक. माझ्या बाबतीत मूळ म्हणजे सवयच होती. रात्री साडेदहा वाजले की अंगठे शिवशिवायचे. त्याला औषध एकच, दुकान बंद.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट | रात्री १२.०९

एक विचारतो, धंद्यातला माणूस म्हणून. रोजचे चार तास मोकळे झाले ना? ते आता कुठे जातात? खरं सांगा.

---

तीनहातनाका | रात्री १२.२०

फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवनला चालायला जायचो. तळ्याला दोन फेऱ्या, मक्याचं कणीस, घरी. खरंच बरं वाटायचं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि ते बंद पडलं.

आता... लोक तोच गेम खेळतात त्याचं थेट प्रक्षेपण असतं ना, ते बघतो. दीड तास, कधी दोन. कोण कुठे उतरलं, कुणी कुणाला कुठून मारलं. हसू नका. पण खेळत नाही. खातं नाहीच, त्यामुळे खेळू शकतच नाही. फक्त बघतो.

---

कोपरखैरणेची_आई | रात्री १२.२४

आमचे चिरंजीव पांघरुणाखालून हेच सांगतात. ‘खेळत नाहीये गं आई, फक्त बघतोय.’