‘बाकी भेटीत बोलू’ : हे कौशल्य की कामचुकारपणा?

खरेदीखाते
लिंक्डइनवरच्या एका संवाद-प्रशिक्षकांची पोस्ट दोन दिवसांत तीन जणांनी मला ढकलली. सार असं: कामाच्या मेलमध्ये सगळं सांगून टाकू नका, एक गोष्ट अर्धी ठेवा, वाचणाऱ्याचं डोकं तिथेच अडकून राहतं. पुराव्याला झायगार्निक इफेक्ट, म्हणजे अर्धं राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं हा मानसशास्त्रातला दावा. आणि शेवटची ओळ, ‘उरलेली चार तंत्रं रविवारच्या वर्कशॉपमध्ये’.

मी बावीस वर्षं चाकणला खरेदी विभागात आहे. या तंत्राने माझं काय झालं ते ऐका. मागच्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला एका सप्लायरची मेल. विषय: ‘पुढच्या लॉटबद्दल एक महत्त्वाची गोष्ट’. आत: ‘सर, एक छोटा बदल आहे. मंगळवारी भेटीत सविस्तर बोलू.’ फोन लावला तर बंद. मला वाटलं, भाव वाढवून मागणार. शनिवारभर स्टीलचे दर आणि जुन्या तीन पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढून भांडायची तयारी केली. मंगळवारी साहेब आले, चहा घेतला, बिस्किट बुडवलं आणि मग सांगितलं की हीट ट्रीटमेंटची भट्टी बंद पडलीय, माल नऊ दिवस उशिरा. माझ्याकडे स्टॉक पाच दिवसांचा! शुक्रवारी कळलं असतं तर दुसरीकडून जॉबवर्क करून घेतलं असतं. ते चार दिवस उत्सुकतेत गेले म्हणायचे.

काय झालं, किती, कधीपर्यंत आणि माझ्याकडून काय हवं. एवढं वरच लिहा. अमेरिकेच्या लष्करात निष्कर्ष पहिल्या ओळीत लिहायची शिस्त आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतल्या बार्बरा मिंटोबाईंनीही उत्तर आधी, कारणं खाली, हेच शिकवलं. त्यांना कुणी वर्कशॉपला पाठवलं नव्हतं वाटतं.

शाईपेन
मी मेल लिहूनच पोट भरते, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुमचा सप्लायर उत्सुकता ताणत नव्हता हो. तुम्ही ओरडाल म्हणून घाबरला होता. भित्र्या माणसाचं खापर तंत्रावर कशाला?

उत्सुकतेवर जॉर्ज लोवेनस्टीनचा १९९४चा लेख आहे. त्याचं म्हणणं, ज्या विषयातलं आपल्याला काहीच माहीत नाही त्याची खाज सुटत नाही. थोडं कळलेलं असतं आणि मधला तुकडा दिसत नाही, तेव्हा सुटते. म्हणजे अर्धं सांगायलाही आधी अर्धं सांगावं लागतं. तुमच्या सप्लायरने काहीच सांगितलं नाही. आणि विषयाच्या ओळीत सगळंच लिहिलं तर मेल उघडायची कशाला?

खरेदीखाते
उघडायची नाहीच! विषयावरूनच कळलं तर माझा वेळ वाचला. तुमचं माप ‘मेल उघडली’, माझं माप ‘माल आला’. इथेच सगळं आलं.

टाळकरी
इतकं तापायचं कारण नाही. आमच्याकडे नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग उलगडतात, मग मध्यंतर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. ते ऐन रंगात आलं की बुवा गोष्ट तिथेच सोडून पद सुरू करतात, पेटीवाला सूर धरून बसतो, आणि एक म्हातारी जागची हलत नाही. अडवून धरणं ही कलाच आहे, आणि ती लिंक्डइनच्या कितीतरी आधीची.

खरेदीखाते
बुवा त्याच रात्री गोष्ट पुरी करतात. ‘पुढचं आख्यान रविवारी, तिकीट लावून’ म्हणाले तर म्हातारी पुन्हा येईल का, विचारून बघा.

टाळकरी
सप्ताहात रोज रात्री ‘उरलेलं उद्या’ म्हणतात आणि म्हातारी रोज येते. तिकीट नसतं, एवढं मान्य.

निफाडकर
कोच राहू द्या बाजूला. ‘‘या’ जिल्ह्यांना गारपिटीचा इशारा’! हा ‘या’ कोणी शोधून काढला, त्याला मला एकदा भेटायचंय. बागेत द्राक्षं काढणीला आलेली, मजूर सांगून ठेवलेले. मी लिंक उघडतो, तीन जाहिराती बाजूला सारतो, गेल्या वर्षीचा पावसाचा फोटो बघतो, आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं की जिल्हे विदर्भातले. तोपर्यंत बायकोने दोघा शेजाऱ्यांना फोन करून घाबरवलेलं असतं. नाशिक असेल तर नाशिक लिहा, नसेल तर ‘नाशिकला धोका नाही’ लिहा, मी तीही बातमी वाचेन.

शाईपेन
निफाडकर, याबाबतीत तुमच्या बाजूने. फेसबुकनेही २०१४ मध्येच असले मथळे खाली ढकलू म्हणून जाहीर केलं होतं. ‘या’ मात्र अजून वरच आहे.

तळटीप
झायगार्निकबाईंचं नाव घेतलंय म्हणून दोन शब्द. १९२७, बर्लिन, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनच्या हाताखाली. गोष्ट अशी सांगतात की वेटरला बिल चुकतं होईपर्यंत सगळी ऑर्डर पाठ असते, पैसे मिळाले की विसरतो. त्यावरून बाईंनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि निम्मी मध्येच थांबवली. थांबवलेली कामं जास्त आठवली. नंतर इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा निकाल काही ठाम हाती लागला नाही. लेविनच्याच विद्यार्थिनीने, ओव्हसियान्किनाने, वेगळी गोष्ट दाखवली: अर्धं राहिलेलं काम माणूस संधी मिळताच पुन्हा हातात घेतो.

पण मुख्य चूक पुढेच आहे. त्या प्रयोगांत काम करणारा माणूस तोच आणि अर्धवट राहिलेलं कामही त्याचंच. माझं काम अर्धं राहिलं तर मला टोचेल. तुमचं वाक्य अर्धं राहिलं तर मला का टोचावं? कोचसाहेबांनी वेटर आणि गिऱ्हाईक यांची अदलाबदल केली आहे.

शाईपेन
टोचतं की! तुमच्या कामाशी संबंध असला की टोचतं. खरेदीखाते शनिवारभर स्टीलचे दर काढत बसले, ते काय होतं?

खरेदीखाते
ती भीती होती. उत्सुकता आणि भीती यातला फरक पगारी माणसाला विचारा.

साडेनऊची_लोकल
विचारा, मला विचारा. मॅनेजरचा व्हॉट्सॲप, रात्री नऊ चाळीसला: ‘उद्या आल्यावर केबिनमध्ये भेट. बोलायचंय.’ पूर्णविराम. मी ‘कशाबद्दल, सर?’ विचारलं, दोन निळ्या टिका, उत्तर नाही. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या दोघांना काढलं होतं. नवरा म्हणतो झोप, मी कर्जाचे हप्ते मोजतेय. सकाळी केबिनमध्ये गेले तर म्हणे, ऑफिसच्या गणपतीची वर्गणी गोळा करायचं तू बघशील का, तुझं सगळ्यांशी पटतं.

वर्गणी नीट गोळा केली. त्यांच्याकडून दुप्पट घेतली.

देवगडवाली
इतका वेळ वाचतेय. सगळेजण नोकरदाराच्या बाजूने बोलताय म्हणून लिहिते. आमची दीडशे कलमं आहेत, आंबा थेट घरपोच पाठवतो. यंदा जुन्या गिऱ्हाइकांना मेल लिहिली, विषय: ‘यंदा पहिली पेटी उशिरा. कारण मोहोरात आहे.’ लोकांनी उघडली, आतलं वाचलं, थंडी उशिरा पडली हे कळलं आणि थांबले. सरळ ‘पेटी उशिरा’ लिहिलं असतं तर बाजारातून घेऊन मोकळे झाले असते.

खरेदीखाते
यात तुम्ही उशीर विषयाच्या ओळीतच सांगितलात, फक्त कारण राखून ठेवलंत. ही तर माझी बाजू झाली. धन्यवाद.

आता एक विचारू? तुमच्या फेसबुकच्या पोस्टवर भाव का नसतो? ‘किंमत इनबॉक्स’. माझ्या सौभाग्यवती साड्यांच्या पोस्टखाली रोज ‘पीपी’ लिहितात, प्राइस प्लीज. ‘डीएम केलंय ताई’ येतं. अर्धी रात्र त्यात जाते.

निफाडकर
आला मुद्द्यावर! अर्धवट सांगण्याचा कळस म्हणजे हाच.

देवगडवाली
का नसतो ते सांगते. भाव रोज हलतो, वाशीला आवक वाढली की पडतो. चार डझनाच्या पेटीचा वेगळा, सहा डझनाच्या पेटीचा वेगळा. आणि मी भाव लिहिला की तासाभरात खाली कोणीतरी येतो, ‘आमच्याकडे यापेक्षा स्वस्त, ओरिजिनल देवगड’. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यातून विकणारे तिथेच आहेत. त्याच्या आकड्याशेजारी माझा आकडा दिसला की मी लुटारू. इनबॉक्समध्ये आलेल्या माणसाला मला दोन वाक्यं सांगता येतात.

कलमबहाद्दर
ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवणं बंधनकारक. शिवाय नोव्हेंबर २०२३ची डार्क पॅटर्नची, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या क्लृप्त्यांची, मार्गदर्शक तत्त्वं, तेरा प्रकार, त्यात ड्रिप प्रायसिंग. तुमचं ‘इनबॉक्स’ त्यातच येतं.

तळटीप
येत नाही. ड्रिप प्रायसिंग म्हणजे आधी कमी दाखवून पैसे भरताना वाढवत नेणं. इथे काहीच दाखवलेलं नाही.

कलमबहाद्दर
बरं, ड्रिप मागे घेतो. २०२०चे नियम उभे आहेत. फेसबुकवर एकटीने विकणारी बाई त्यात कशी बसते, यावर वकिलांना भांडू द्या.

देवगडवाली
एकटी नाही, आम्ही चौघं आहोत, आणि सासरे पंच्याहत्तरीत झाडावर चढतात. त्यांनाही नोटीस काढा.

साडेनऊची_लोकल
ताई, खरं सांगा. दोन वाक्यं सांगण्यासाठी की माणूस एकदा बोलायला लागला की भिडेखातर घेतो म्हणून?

देवगडवाली
तेही आहे. नाही म्हणत नाही. पण तुम्ही दुकानात शिरल्यावर दुकानदार ‘बसा, पाणी घ्या’ म्हणतो, तेव्हा त्याला कुठला नियम लावता? आणि पुण्याची गिऱ्हाइकं पाणी पिऊन, फोड खाऊन, ‘सांगते’ म्हणून जातात, ते अर्धवट बोलणं कुणाच्या वर्कशॉपात शिकवतात?

खरेदीखाते
पुण्यावर जायचं काम नाही.

शाईपेन
गेल्याच! आता हा धागा शंभरी गाठणार.

टाळकरी
मूळ विषय मेलचा होता, सहज आठवण.

खरेदीखाते
मेलबद्दल माझं मत तेच. फार तर इतकं म्हणतो, कारण मागे ठेवा, परिणाम मागे ठेवू नका. शाईपेन यांना हा विजय वाटत असेल तर फ्रेम करून लावावा. आणि देवगडवाली ताई, एवढी बाजू मांडलीत तर आज इथे सगळ्यांसमोर भाव सांगून बघा. बघू काय आकाश कोसळतं.

देवगडवाली
पाच डझनाची पेटी, पुण्यात घरपोच, आजचा भाव ३,८००. गवताच्या अढीतला, पावडर नाही.

साडेनऊची_लोकल
एक पेटी माझी.

निफाडकर
३,८००? आमच्या इथे नाक्यावर देवगडच लिहिलेली पेटी बावीसशेला मिळते.

देवगडवाली
खरेदीखाते साहेब, सव्वा तास लागला. वेळ लिहून ठेवलीय.

खरेदीखाते
बघितलं. दोन पेट्या लिहा. पत्ता इनबॉक्स करतो.