झांस्करमध्ये मोटाररस्ता पोहोचल्यानंतर पायी चालण्याजोगे काय उरले आहे?

जुळे सोलापूरकर:
मी आणि माझी थोरली बहीण, दोघीही निवृत्त शिक्षिका, येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधील झांस्करच्या खोऱ्यात पायी फिरण्याचा विचार करीत आहोत. हिमाचलमधील दारच्याहून शिंगो ला ही खिंड ओलांडून झांस्करमधील पदुम या मुख्य गावापर्यंत चालत जाण्याची वर्णने आम्ही पूर्वी वाचली होती. आता त्याच वाटेने गाड्या जातात असे कळते. मग गाड्यांची धूळ न खाता आणि आमच्या वयाला झेपेल असा कोणता टप्पा उरला आहे? दुसरे असे की, आमचे घर १९५६च्या धम्मदीक्षेच्या परंपरेतले आहे. घरात त्रिसरण-पंचशील आहे, पण उग्र देवता, तंत्र, मंत्रचक्रे यांचा आम्हाला परिचय नाही. तिथल्या गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांमध्ये, आम्ही नेमके काय पाहावे? सरावासाठी रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला तासभर चालतो. बहिणीला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हेही सांगून ठेवते.

घाटवाट:
ताई, तुम्ही ऐकले ते खरे आहे. नीमू–पदुम–दारचा या २९८ किलोमीटरच्या रस्त्याची जोडणी मार्च २०२४मध्ये पूर्ण झाली आणि शिंगो लाची जुनी चाल त्याखाली गेली. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतील; पण हिवाळ्यात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला रस्ता नसलेल्या गावाने काय करायचे, याचे उत्तर त्या हळहळणाऱ्यांकडे नसते.

तुम्ही पुरणे गावाला मुक्काम करावा, असे मी सुचवीन. कारग्याक आणि त्सारप या दोन नद्या तिथे एकत्र येतात. तिथून त्सारपच्या काठाने फुगताल गोंपापर्यंत पायवाट जाते. रमतगमत दोन-तीन तास लागतात. उभ्या कड्यात एक मोठी नैसर्गिक गुहा आहे, आणि तिच्या तोंडापासून खाली माती-लाकडाच्या पांढऱ्या खोल्या एकावर एक रचलेल्या आहेत. आपल्याकडची लेणी कातळ कोरून केलेली. इथे कातळ जसाच्या तसा ठेवून त्याला घरे चिकटवलेली आहेत, त्यामुळे लेणी पाहिलेल्या डोळ्यांना हा प्रकार फार वेगळा वाटतो. हंगेरियन अभ्यासक चोमा द कोरोशी १८२०च्या दशकात इथे राहून तिबेटी ग्रंथ शिकत होते, आणि त्याची नोंद असलेली शिळा गोंपात आहे. १८३४मध्ये कलकत्त्याला छापलेल्या त्यांच्या तिबेटी-इंग्रजी शब्दकोशामागे झांस्करमधील हेच अध्ययन होते.

त्सारप नदी मात्र गृहीत धरू नये. २०१४च्या अखेरीस वरच्या अंगाला दरड कोसळून तिचे पाणी तुंबले आणि मे २०१५मध्ये तो बांध फुटून खालचे पूल वाहून गेले. एरवीही दुपारनंतर बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी चढते, म्हणून ओढे सकाळीच ओलांडावेत. पूल आणि वाट यांची ताजी स्थिती पदुममध्येच विचारावी.

भीमाकाठ:
मी वाटेपेक्षा उंचीविषयी लिहितो, कारण सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे. विमानाने थेट लेहला उतरलात तर काही तासांत सुमारे ३,५०० मीटरवर याल, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. त्याऐवजी श्रीनगरहून निघून कारगिल आणि रंगदुम इथे मुक्काम करीत पेन्झी ला खिंडीतून पदुमला उतरावे. कारगिल २,७०० मीटरच्या आसपास असल्याने शरीराला मधली पायरी मिळते. रस्ता लांब आहे, पण त्याने वाया जाणारे दिवस हेच तुमचे औषध आहे.

चालण्याच्या सरावाने दम वाढतो, विरळ हवेचा त्रास मात्र त्याने टळत नाही. तरुण धावपटूलाही तो होतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे किंवा बसल्याजागी धाप लागणे ही तात्काळ खाली उतरण्याची लक्षणे आहेत. बहिणीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइडही त्याच गुणाचे असल्याने ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तलावाच्या सपाट वाटेबरोबर तुळजापूरच्या घाटात पाठीवर ओझे घेऊन चढउताराचा सराव करावा, कारण गुडघ्यांची परीक्षा उतारावर होते.

लेणीप्रेमी:
गोंपांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. उग्र देवता पाहून हा आपला धम्मच नव्हे असे वाटण्याची शक्यता आहे, पण वज्रयान, म्हणजे तंत्र-मंत्र मानणारा बौद्ध पंथ, महाराष्ट्रालाही परका नव्हता. वेरूळच्या १२व्या लेण्यात बोधिसत्त्वांची मंडले कोरलेली आहेत. जाण्यापूर्वी ती एकदा निवांत पाहून या. पदुमजवळचा कर्षा आणि फुगताल हे दोन्ही गोंपा तिबेटी बौद्ध धर्मातील गेलुग परंपरेचे आहेत. या परंपरेच्या अभ्यासक्रमात नागार्जुनांचा मध्यमक (शून्यतेचा) विचार आणि धर्मकीर्तींचे प्रमाणशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, आहे, आणि भिक्खू टाळी वाजवून, प्रतिप्रश्न करून वादविवादातून ते शिकतात. तर्काला मानणाऱ्या घरातून आलेल्या माणसाने मूर्तींइतकेच या शिक्षणाविषयीही विचारावे, असे मला वाटते. पदुमजवळचा सानी गोंपाही चुकवू नये; तिथला कनिक स्तूप परंपरेने सम्राट कनिष्काशी जोडला जातो.

मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) आणि छोर्तेन (स्तूप) नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे.

जुळे सोलापूरकर:
श्रीनगरचा मार्ग पटला. फुगतालला पुरण्याहून एका दिवसात जाऊन येणे बरे, की तिथेच राहावे?

घाटवाट:
राहावे. गोंपाच्या अतिथीगृहात साधी सोय असते. पहाटेच्या पूजेला परवानगी विचारून भिंतीलगत बसावे, पाय मूर्तीकडे करू नयेत आणि चित्रांवर फ्लॅश मारू नये. सोलापुरातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून दोघींपैकी एकीने तरी निघण्याआधी पोस्टपेड करून घ्यावे. पदुमच्या पुढे त्याचाही भरवसा नाही, तेव्हा परतीचा दिवस घरी आधीच सांगून ठेवावा.