१ लाख ८० हजार किमी झालेली डिझेल डिझायर घ्यावी का?

मदत हवी आहे. २०१५ ची स्विफ्ट डिझायर, १.३ डिझेल, परभणी पासिंग, एकच मालक. ३ लाख १० हजार म्हणतायत. माझं रनिंग महिन्याला दीड हजार किमी, बहुतेक परभणी-नांदेड.

इंजिन थंडगार असताना चालू करून पाहिलं. एका सेल्फमध्ये लागते, पण पहिली ५-७ सेकंदं टायमिंग चेनच्या (इंजिनातले वॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) बाजूनं खडखड येते, मग बंद. ऑइलचं झाकण उघडलं तर धूर जोरात फेकत नाही. टर्बोच्या पाइपात तेलाचा नुसता ओलसरपणा. क्लच फार वर उचलतो, तो बदलणं आलंच. सर्व्हिस रेकॉर्ड ९० हजारांपर्यंतच. इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजणं) बाकी आहे.

ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन ताणते, खरी भीती तीच. इंजिन न खोलता कसं ओळखायचं, खडखड नुसत्या टेन्शनरची (चेन ताणून धरणारा भाग) की चेनच गेली? आणि चेन किट, क्लच सेट, मजुरी धरून किती कमी करायला सांगू?