‘स्वामी’ वाचून झाली. मालिका दाखवू का? आणि पुढे काय?

रामबागवाली: नमस्कार मंडळी. सुट्टीत मुलाच्या मागे लागून रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचून घेतली. पोरगा सोळाचा, शाळा हिंदी-इंग्रजी, घरी आपलं इंदुरी मराठी. पहिली काही पानं दर ओळीला ‘आई, याचा अर्थ?’ मग माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले हे कळलं आणि गडी सावरून बसला! मीही पुन्हा वाचली. रघुनाथरावांचा राग येतोच, पण या खेपेला पुतण्या काकांपुढे पुन्हापुन्हा नमतं घेतो त्याचाही आला. रमाबाईंचे प्रसंग थोडे पाकात घातल्यासारखे वाटले. वय झालं असेल माझं.

जुनी खिडकी: मालिका इतक्यात नको. आम्ही आधी दूरदर्शनवर पाहिली, पुस्तक नंतर हाती आलं. आजही माझे माधवराव म्हणजे रवींद्र मंकणी आणि रमा म्हणजे मृणाल देव. दुसरा चेहरा मनात येतच नाही.

पोहेजलेबी: आमच्या घरात तर मालिकेमुळेच पुस्तक आलं. थेऊरला माधवराव जातात त्या शेवटाला आजी उठून आत गेली होती. शेवट काय ते ठाऊक असूनही. दाखवा हो, पोरगं बघेल तरी.
पुढचं म्हणाल तर ना. सं. इनामदारांची ‘झुंज’. यशवंतराव होळकर! इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या पोराला हे माहीत नको? जाड आहे, घाई करू नका.

रामबागवाली: पण त्यात पेशवे?

पोहेजलेबी: दुसरे बाजीराव. १८०२ च्या दिवाळीत हडपसरला होळकरांनी पेशवे-शिंद्यांची फौज मोडली. ‘स्वामी’ने भारावलेल्याला हा झटका बसलेला बरा. तेच पुणे, मधे फक्त तीस वर्षं.

जुनी खिडकी: हे मात्र पटलं. वाचून झाली की भानपुऱ्याला यशवंतरावांची समाधीची छत्री दाखवून आणा.

रामबागवाली: ठरलं. मालिका दिवाळीनंतर, ‘झुंज’ आधी. फक्त माझं माहेर शिंद्यांच्या ग्वाल्हेरचं, माझ्या आईसमोर हडपसरचं नाव काढू नकोस असं पोराला बजावावं लागेल.