सुझुकीनं पॉलिमर लांबत नाही, आणि हे शिकून पुढं कुठं जायचं?

कृष्णाकाठ: एमएस्सी ऑरगॅनिक, दुसरं वर्ष, सांगली. प्रोजेक्टला एफ८बीटी (ओएलईडी पडद्यांसाठीचा, प्रकाश देणारा पॉलिमर) सुझुकी जोडणीनं करतोय, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीनं एका मोनोमरचं बोरॉनचं टोक दुसऱ्याच्या ब्रोमीनच्या टोकाला जोडून. डायऑक्टिलफ्लुओरीनचं बिस-पिनाकोल बोरॉनिक एस्टर ३२१.३ मिग्रॅ, डायब्रोमोबेन्झोथायाडायझोल १४७ मिग्रॅ (दोन्ही ०.५ मिलिमोल), टेट्राकिस पॅलेडियम (कॅटॅलिस्ट) ६ मिग्रॅ, टोल्युइन ६ मिली, २ मोलर पोटॅशियम कार्बोनेट ३ मिली, अलिक्वॅट ३३६ (पाणी आणि टोल्युइनमध्ये ने-आण करणारं क्षार) दोन थेंब. ९० अंशांना ४८ तास. पिवळा पॉलिमर मिळतो, पण जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून मोजणारं यंत्र) संख्या-सरासरी रेणुभार ६,००० च्या पुढं सरकत नाही. दोन तासांतच द्रावण काळं पडतं. वजन चुकतंय का? आणि सातारा-सांगलीत ओएलईडी बनवणारं कुणी नाही, तर या कामाचा पुढं उपयोग काय? पीएचडी की नोकरी?

रिफ्लक्स_चालू: वजनकाट्याला दोष देऊ नका. पुनरावर्ती घटकाचा (दोन मोनोमरची एक जोडी) भार ५२३, म्हणजे ६,००० ला साधारण २३ मोनोमर जोडले गेलेत. कॅरोदर्सच्या सूत्रानं (मोनोमरच्या प्रमाणावरून साखळीची लांबी सांगणारं) एवढी आखूड साखळी केवळ प्रमाण चुकल्यानं यायला ८ टक्क्यांची तफावत लागते. १४७ मध्ये २ मिग्रॅ चुकलं तरी साखळी १४० मोनोमरच्या वर जायला हवी. पाणी दुसरीकडे मुरतंय.

काळा रंग म्हणजे पॅलेडियम ब्लॅक, धातूची बारीक काळी पूड. आत ऑक्सिजन आहे. तो फॉस्फिनचं (पॅलेडियमला विरघळलेलं ठेवणारा लिगंड) ऑक्साइड करतो आणि लिगंड गेला की पॅलेडियम खाली बसतं. शिवाय ऑक्सिजन असला की बोरॉनची टोकं आपापसांत जुळतात, मग काट्यावर बरोबर मोजलेलं प्रमाणही फ्लास्कमध्ये बिघडतं. टोल्युइन आणि कार्बोनेटचं द्रावण, दोन्हींतून वेगवेगळा अर्धा तास नायट्रोजन सोडा, सुई तळापर्यंत. बहुतेक जण टोल्युइन करतात आणि पाणी विसरतात. कॅटॅलिस्ट सगळ्यात शेवटी.

टेट्राकिस लिंबासारखं पिवळं हवं. हिरवट-तपकिरी झालं असेल तर ६ मिग्रॅत काम करणारं पॅलेडियम किती उरलं, सांगता येत नाही. बाटली फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. पावसाळ्यात हे जास्तच पाळा. नवी बाटली मिळत नसेल तर पॅलेडियम डीबीए आणि ट्राय-ऑर्थोटोलिलफॉस्फिन वापरा. दोन्ही हवेत तोलता येतात.

बोरॉनिक अ‍ॅसिड न घेता एस्टर घेतलंत ते बरं केलंत. अ‍ॅसिडमधून पाणी निघून थोडं बोरॉक्सिन (तीन रेणू जुळून झालेलं कडं) झालेलं असतं, किती ते बाटलीगणिक बदलतं, आणि मग मोलचा हिशेबच राहत नाही.

जीपीसी_वाला: एक पुस्ती. तो ६,००० पॉलिस्टायरीनच्या मापानं आलाय. एफ८बीटीची साखळी ताठ असल्यानं जीपीसी आकडा फुगवून दाखवतं. खरी साखळी याहूनही आखूड असणार.

डिस्टिलेशन_शिफ्ट: दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ओएलईडी नसली तरी सुझुकी आहेच. द्राक्षावरच्या भुरीला वापरतात ते बोस्कॅलिड घ्या, त्यातला बायफिनाइल जोड सुझुकीनंच होतो. तासगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. रक्तदाबाच्या लोसार्टानचंही तसंच.

फरक पडतो तो कशाला किंमत आहे यात. प्रयोगशाळेत एकदा चांगला रेणुभार आला की पेपर होतो. कारखान्यात तोच आकडा पुढच्या प्रत्येक बॅचला लागतो. कॉलम (सिलिकाच्या नळीतून शुद्ध करणं) कुणाला नको असतो, स्फटिक पाडून शुद्ध होईल अशी वाट शोधावी लागते. रिअ‍ॅक्टरला फ्रीझ-पंप-थॉ (गोठवून, हवा ओढून, वितळवून ऑक्सिजन काढणं) करता येत नाही, म्हणून तीनदा व्हॅक्यूम-नायट्रोजन आणि मग द्रवाच्या तळातून नायट्रोजन. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय ट्रान्सफर नाही.

आणि पॅलेडियम काढावंच लागतं. पॉलिमर टोल्युइनमध्ये विरघळवून सोडियम डायएथिलडायथायोकार्बामेटच्या पाण्यातल्या द्रावणाबरोबर ६० अंशांना रात्रभर ढवळा, पाण्यानं धुवा, मेथॅनॉलमध्ये पाडा. मग सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकानं पुन्हा पुन्हा धुणारं उपकरण) क्रमानं: मेथॅनॉल, अ‍ॅसिटोन, शेवटी क्लोरोफॉर्म. राहिलेलं पॅलेडियम आयसीपी-एमएसवर (धातूचे अंश मोजणारं यंत्र) मोजून घ्या. मुलाखतीत हा आकडा सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो.

रिफ्लक्स_चालू: त्याआधी साखळीची टोकं बंद करायची राहिली. आधी फिनाइलबोरॉनिक अ‍ॅसिड, दोन-तीन तासांनी ब्रोमोबेन्झीन. नाहीतर टोकाला राहिलेलं ब्रोमीन डिव्हाइसमध्ये चार्ज अडकवतं.

पीएचडीबद्दल माझं मत: नव्या रेणूची रचना स्वतः ठरवायची असेल तर करा, नुसत्या पगारासाठी नको. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं, नंतर ४२,०००. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) जवळ आहे, पण गाइड निवडताना त्यांच्या गटात डिव्हाइस बनवतात की नुसते रेणू, ते विचारा.

डिस्टिलेशन_शिफ्ट: इथं थोडा मतभेद. दोन वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढून मग पीएचडीला गेलेला माणूस प्रयोग वेगळे आखतो. गेट त्या काळात देता येते.

कृष्णाकाठ: टेट्राकिस तपकिरीच आहे. कार्बोनेटमधून नायट्रोजन सोडत नव्हतो. पॅलेडियम डीबीए किती घ्यायचं?

रिफ्लक्स_चालू: २.३ मिग्रॅ, फॉस्फिन ६ मिग्रॅ. पॅलेडियम डीबीएच्या एका रेणूत दोन पॅलेडियम असतात, त्यामुळं हे १ मोल टक्का झालं, फॉस्फिन पॅलेडियमच्या चौपट. दोन तासांनी रंग बघा. काळं पडलं तर गळती सेप्टममध्ये (फ्लास्कचं रबरी बूच) शोधा.