सहकाऱ्याच्या नाटकासाठी शाखेतील कामाची घडी कशी बसवावी?

कृष्णाकाठ: सांगलीतील एका पतसंस्थेच्या शाखेत आम्ही सहा जण काम करतो. आमचे रोखपाल यंदा हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत मुख्य भूमिका करत आहेत. तालीम रोज सायंकाळी साडेसहाला सुरू होते. परंतु रोकड जुळून तिजोरी बंद होईपर्यंत त्यांना जागचे हलता येत नाही, आणि पिग्मी एजंटांचा भरणा नेमका त्याच सुमारास येतो. बावन्नाव्या वर्षी त्यांना प्रथमच मोठी भूमिका मिळाली आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ते संहिता पुटपुटत असतात. तिच्या एका पानावर आमटीचा पिवळा डाग पडला आहे. त्यांना उपकाराचे ओझे वाटू नये आणि कोणा एकावर कामाचा भार येऊ नये, अशी मदत कशी करावी?

जुना रंगकर्मी: 1954 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत मी नोकरी सांभाळून नऊ वर्षे कामे केली, ती सहकाऱ्यांच्या जोरावरच. म्हणून कळकळीने सांगतो, "तुम्ही निघा, मी रोकड बघतो" असा तोंडी व्यवहार करू नका. आमच्याकडे अशाच एका संध्याकाळी पाचशेच्या चार नोटा कमी भरल्या, आणि तूट ज्याच्या नावावर लागली तो त्या वेळी तालमीत होता. त्याने पैसे भरले, पण त्या दोघांचे संबंध पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. शाखाधिकाऱ्यांकडून स्पर्धेपुरता लेखी आदेश घ्या, ठरलेल्या वेळी नोटा मोजून रोकड व किल्ली दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सोपवा आणि नोंदवहीत दोघांच्याही सह्या होऊ द्या. त्यानंतरचा भरणा जो स्वीकारेल, त्याचीच जबाबदारी. शिवाय दुपारी पंधरा मिनिटे कोणीतरी संहिता हातात धरून समोरच्या पात्राची वाक्ये वाचावीत. पाठांतराला याचा फार उपयोग होतो.

सकाळची गाडी: नाटक चारचौघांत दिसते, म्हणून त्यासाठी मदत सुचते. आमच्या कार्यालयातील एक ताई नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होत्या, हे आम्हाला त्यांचा परीक्षेच्या रजेचा अर्ज नामंजूर झाला तेव्हा कळले. शेजारच्या टेबलावर बसून मी दोन वर्षांत एकदाही विचारपूस केली नव्हती, याचे मला अजून वाईट वाटते. रोखपालांसाठी आदेश घ्याच, पण त्याच बैठकीत उरलेल्या पाच जणांनाही विचारा.

कृष्णाकाठ: दोघांचेही मनापासून आभार. शाखाधिकाऱ्यांनी आदेश काढला असून सोमवारपासून सायंकाळची रोकड मी व आमचे लेखनिक आलटून पालटून स्वीकारणार आहोत. विचारल्यावर शिपाईकाकांनी सांगितले की त्यांना मोटार चालवायला शिकायचे आहे, परंतु शिकवणीची वेळ आणि शाखा उघडण्याची वेळ एकच येते. म्हणून महिनाभर कुलूप मी उघडेन. आज दुपारी रोखपालांसमोर बसून पहिला प्रवेश वाचला. तीन ठिकाणी ते अडले, आणि चौथ्या ठिकाणी मीच ओळ चुकवली तेव्हा त्यांनी ती न पाहता म्हणून दाखवली.